हॅदरलीची निवडणूक, सूत्रं आमच्या गावातून

२२ मार्च, रविवार. सकाळी ९.४०

नवी वही. ही फक्त माझ्यासाठी. मागच्या वहीची चार पानं नीलाबाईने पापडाखाली घातली होती, म्हणून ही माळ्यावर ठेवणार.

मोठी बातमी. आमची रुद्राणी इंग्लंडात निवडणुकीला उभी! लंडनच्या बाजूला हॅदरली म्हणून बरो आहे. बरो म्हणजे आपली नगरपरिषदच, थंडी तेवढी जास्त. वॉर्डात जागा एक. रुद्राणी अपक्ष. समोर कोणी मिसेस हॉलिस, बारा वर्षं नगरसेविका. मतदान सात मेला.

रुद्राणीने फोन आईला केला. मी शेजारीच होतो, स्पीकरवर ऐकलं. एवढ्या अनुभवी बापाला थेट कसं विचारावं, असा लेकीला संकोच वाटला असणार.

अनुभव म्हणजे काय? २००५ ते २०१० नीलाबाई महिला राखीव जागेवर गावची सरपंच होती, म्हणजे मी होतो. खुर्चीवर मी बसलो, भाषणं मी केली, सह्यासुद्धा मीच केल्या. नीलाबाईची सही आजही मी तिच्यापेक्षा चांगली करतो. ‘नी’च्या वेलांटीला मी जो झोका देतो तो केज तालुक्यात कोणाला जमणार नाही.

संकल्प: निवडणूक हातात घेणे. पासपोर्ट काढून एक मेच्या आत हॅदरली गाठणे. इंग्रजीचे रोज दहा शब्द. नळ-पाइपच्या दुकानाचं शटर नऊला उघडणे.

२३ मार्च

शटर साडेदहाला. राजकारणात असं चालायचंच. पाइपचं एक गिऱ्हाईक परत गेलं म्हणे.

रुद्राणीला विचारलं, जागा महिला राखीव आहे का? नाही म्हणाली. ओबीसी? तेही नाही. तिकडे राखीव भानगडच नाही. मग जावई का उभे नाहीत? महांतेशराव तिथे हॉस्पिटलात आहेत, उंची सहा फूट, मिशीही आहे. रुद्राणी म्हणाली, अप्पा, मला उभं राहायचंय म्हणून मी उभी आहे.

हे उत्तर जनतेसाठी ठीक. आतली गोष्ट वेगळी असणार. समोर बाई आहे म्हणून जावयांनी बाई दिली. हुशार माणूस.

इंग्रजी शब्द: कॅंडिडेट, व्होट. हे आधीच येत होते, तरी धरले.

२६ मार्च

‘मिशन हॅदरली’ हा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. अॅडमिन मी. सदस्य महांतेशराव, रुद्राणी, नीलाबाई. पहिला मेसेज टाकला: मतदारांची जातवार यादी ताबडतोब पाठवणे. कोणी पाठवली नाही. महांतेशरावांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. शिस्त आहे.

२ एप्रिल

धक्का. तिकडे मतदाराला जेवण घालायचं नाही! गुन्हा आहे म्हणे. मी म्हटलं, मटण राहू द्या, आपल्यात चालतही नाही, निदान पुरणपोळी? नाही. चहा? रुद्राणी म्हणाली, अप्पा, मतासाठी साधा चहासुद्धा नाही. मग लोक मत देतात तरी कशाला, हे मला कळलं नाही. शांतपणे विचार करण्यासाठी दुपारी दोन तास पडलो.

दुसरी बातमी चांगली. तिकडे पुष्कळ लोक पोस्टाने मत देतात. म्हणजे पोस्टमन आपला झाला की निम्मी निवडणूक खिशात. महांतेशरावांना लिहिलं, पोस्टमन कोणाचा माणूस आहे ते काढा. त्यांनी उत्तर पाठवलं, तो पोलंडचा आहे. पोलंडमध्ये आपलं कोण आहे याचा शोध सुरू.

नीलाबाई रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून रुद्राणीशी बोलते. आज मी कान दिला. ही तिला सांगत होती, हापिसात कुनी खरं सांगत न्हाई बाई, तू त्यांच्या सैपाकघरात जाऊन बस अन् निसतं ऐक. ऐन निवडणुकीत स्वयंपाकाच्या गप्पा! बायकांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

६ एप्रिल

बीडला पासपोर्टची तारीख होती. जाता आलं नाही, कारण फ्लेक्सचं प्रूफ पाहायचं होतं.

१० एप्रिल

फ्लेक्स लागला! फाट्यावर, मांजरसुंब्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल असा. वीस बाय दहा. वर लिहिलंय: हॅदरली बरोचे भावी नगरसेविकापती मा. महांतेशराव यांना हार्दिक शुभेच्छा. डाव्या बाजूला जावई, पूर्ण उभे, गॉगल लावून. उजवीकडे मी, फोनवर बोलतानाचा फोटो, खाली ‘मार्गदर्शक, माजी सरपंचपती’. कोपऱ्यात रुद्राणी, लग्नातला फोटो, डोक्यावर पदर. नीलाबाईचा राहिला. जागाच नव्हती.

फ्लेक्सवाला धुळाजी माझा शाळेपासूनचा दोस्त. बघून म्हणाला, लई भारी हाय बे, पर उभी कोन हाय? पोरगी का जावई? मी म्हटलं, पोरगी. तो म्हणाला, मग पोरीचा फोटो तिकिटाएवढा कावून? धुळाजीला राजकारण कधी कळलंच नाही. म्हणून तर तो फ्लेक्स छापतो आणि मी फ्लेक्सवर असतो.

हॅदरलीच्या रहिवाशांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे. चार हजार लोक. हरवलेली मांजरं आणि कचऱ्याचे डबे, एवढेच विषय. त्यात मी सामील झालो आणि फ्लेक्स टाकला. मोबाईलच इंग्रजी करून देतो. लगेच अकरा लोकांनी हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह टाकलं. वातावरण आनंदाचं आहे.

१६ एप्रिल. दुपार

डाव टाकला. आजवरचा सर्वात मोठा.

मतदान हवंच कशाला? बिनविरोध करायची! मिसेस हॉलिसबाईंचा ईमेल पत्ता काउन्सिलच्या साइटवर उघडा ठेवलेला आहे. काय हा भाबडेपणा. त्यांना पत्र पाठवलं. मायबहिणीला लिहावं असं लिहिलं. ताई, तुम्ही बारा वर्षं राज्य केलं, आता आपापसात भांडण कशाला? तुम्ही अर्ज मागे घ्या. पहिली अडीच वर्षं आमची रुद्राणी, पुढची अडीच तुम्ही. मुदत संपताच ती राजीनामा देईल, बेलभंडारा उचलून शब्द देतो. शिवाय माझ्याकडून बाथरूमचा पूर्ण नळसेट, स्टेनलेस स्टीलचा, गंज लागल्यास बदलून.

असे तीन सरपंच मी बसवलेत. एकाने अडीच वर्षांनी राजीनामा दिला नाही, पण तो मुळात माणूस तसा होता.

रुद्राणीला कळवलं नाही. विजयाची भेट एकदम द्यायची.

२१ एप्रिल

काल बसवजयंतीच्या मिरवणुकीत तीन जणांनी विचारलं, अप्पा, तुमची निवडनूक कशी हाय? ‘तुमची’ म्हणाले. जनतेला कळतं.

मिसेस हॉलिसबाईंचं उत्तर आलं! शेजारच्या संगीता मॅडमकडून वाचून घेतलं. त्या इंग्रजीचे क्लास घेतात. पत्र फार प्रेमाचं आहे. अर्ज मागे घ्यायची मुदत नऊ तारखेलाच संपली. आयुष्यात त्यांना अर्धी मुदत आजवर कोणी देऊ केली नव्हती, नळ तर नाहीच. आणि नियमाप्रमाणे हे पत्र त्यांनी निवडणूक अधिकाऱ्यांकडे दिलंय, त्याबद्दल क्षमस्व.

मॅडम वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, अप्पा, हे तुमी खरंच पाठवलं?

म्हणजे त्यांच्यावरही छाप पडली. अधिकाऱ्यापर्यंत माझं नाव गेलं, हेही वाईट नाही.

२३ एप्रिल

रुद्राणीचा फोन. या वेळी मलाच.

तिला अधिकाऱ्यांनी बोलावून दोन तास बसवलं. उमेदवाराने समोरच्याला पद आणि वस्तू देऊ केल्या, असा अर्थ निघतोय. तिला ठाऊक होतं असं ठरलं तर उभं राहणं सोडाच, कोर्टात जावं लागेल. मी म्हटलं, अगं, नळच तर आहेत. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, अप्पा, मी सहा महिने घरोघर फिरलेय, तुम्ही मला घरी बसून पाडाल. मग फोन महांतेशरावांनी घेतला. मागे नात रडत होती.

जेवलो नाही. उकाडा फार आहे सध्या.

‘मिशन हॅदरली’तून सगळे बाहेर पडले. ग्रुपमध्ये आता मी आणि नीलाबाई. नीलाबाईला बाहेर पडायचं बटण सापडत नाही.

२४ एप्रिल

नीट विचार केला. ग्रुप सोडणं हा गुप्ततेचा भाग असावा. शत्रू ऐकत असतो. मनाला बरं वाटलं.

संकल्प: निवडणूक होईपर्यंत परदेशी कोणालाही पत्र लिहायचं नाही. शटर नऊला.

२५ एप्रिल

मिसेस हॉलिसबाईंनी स्वतःहून अधिकाऱ्यांना लिहून दिलं, की हे एका हौशी बापाचं काम दिसतं, उमेदवाराला याची कल्पना नसावी. प्रकरण मिटलं. बघा, माझ्या पत्राने विरोधकसुद्धा विरघळला. पाचही वर्षं त्यांना द्यायला हरकत नव्हती.

रुद्राणीला फोन लावला. बिझी. नीलाबाईचा लावला तर तोही बिझी. दोघी एकमेकींशीच बोलत होत्या.

२९ एप्रिल

तिकडे सभा झाली. दोन्ही उमेदवार एका स्टेजवर आणि लोक प्रश्न विचारतात, अशी उलटी पद्धत. महांतेशरावांनी व्हिडिओ नीलाबाईला पाठवला. त्यांचा स्वतःचा फोटोही आला. पोटाशी झोळीत नात, हातात पत्रकं, वर पाऊस. जावई घरोघर कागद वाटतोय आणि उमेदवार हॉलमध्ये बसून भाषण करतेय! फ्लेक्सवरचा माणूस ओळखू येईना.

व्हिडिओत एक म्हातारा उठला. त्याच्या हातात माझा फ्लेक्स! छापून आणला होता. काहीतरी विचारलं, लोक हसले. मग रुद्राणी बोलली. इंग्रजी फार वेगात बोलते, पण ‘माय फादर’ दोनदा स्पष्ट ऐकू आलं. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बापाच्या नावावर, साता समुद्रापलीकडे, टाळ्या! तो व्हिडिओ मी फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना दाखवला. धुळाजीला मी स्वतः भाषांतर करून सांगितलं.

नीलाबाईने संगीता मॅडमना घरी बोलावलं आणि दार लावून व्हिडिओ चार वेळा बघितला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, काय म्हणाली गं पोरगी? नीलाबाई म्हणाली, खरं बोलली. आणि भाकरी टाकायला गेली.

१ मे

आज मी हॅदरलीत असणार होतो. पासपोर्टची नवी तारीख अकरा जून मिळाली आहे. सूत्रं कुठूनही हलवता येतात, जागेला महत्त्व नाही.

इंग्रजी शब्द आजपर्यंत एकूण: चौदा.

७ मे, गुरुवार. मतदान

सकाळी सहाला उठून बसलो. तिकडे तेव्हा रात्रच होती. काय काय करावं ते सुचेना. तिथे असतो तर गाड्या सोडल्या असत्या, म्हाताऱ्यांना खांद्यावर आणलं असतं, बूथसमोर नुसता उभा जरी राहिलो असतो तरी दहा मतं फिरली असती. इथे काय करणार? शटर उघडलं. नऊला.

नीलाबाई महादेवाला बेल वाहून आली आणि शेजारच्या बायकांसोबत शेवया करत बसली. तिला काही ताणच नाही.

८ मे

जिंकलो! एकेचाळीस मतांनी!!

मिसेस हॉलिसबाई पडल्या, पण त्यांनी रुद्राणीला मिठी मारली म्हणे. आमच्याकडे पडलेला माणूस दोन वर्षं समोरून जात नाही.

मिरवणूक काढली. जेसीबी सांगितला होता, तो शिरूर कासारला अडकला. हलगीवाला आला. मी आणि हलगीवाला फाट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत गेलो. गुलाल मीच स्वतःला लावला. धुळाजी मागून स्कूटरवर आला आणि म्हणाला, अप्पा, पोरगी तिकडं निवडून आलीया, इकडं रस्ता कावून आडवलाय? तरी आठ-दहा लोक जमले. फ्लेक्स बघायला गेलो तर जागेवर नव्हता. पाटलाच्या कांद्याच्या ढिगावर टाकलेला सापडला. जावयांचा गॉगल तेवढा वर दिसत होता.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. रुद्राणी हसत होती. गुलाल लावलेला मी पुढे सरकलो. ती म्हणाली, अप्पा, थँक यू, आईला द्या ना.

१२ मे

तिकीट आलं. हॅदरलीच्या काउन्सिलची पहिली सभा आहे, ती बघायला यावं म्हणून रुद्राणीने विमानाचं तिकीट काढलं. एक. नावावर नीलाबाई. तिचा पासपोर्ट रुद्राणीने केव्हाच काढून घेतलाय. विसा मिळेल तशी तारीख बदलता येते म्हणे. माझं बहुतेक वेगळ्या मेलवर येणार असेल. मेल सात वेळा बघितला.

मग संगीता मॅडमच्या दारात गेलो आणि सरळ विचारलं, त्या दिवशी माझ्याबद्दल काय बोलली ती?

मॅडमनी आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं. म्हाताऱ्याने विचारलं होतं, बाई, निवडून तुम्ही येणार आणि कारभार गॉगलवाले करणार का? त्यावर रुद्राणी म्हणाली, मी बारा वर्षांची होते तेव्हा माझी आई सरपंच झाली. खुर्चीवर माझे वडील बसले. सहीसुद्धा माझ्या वडिलांनीच केली. पण गावातल्या बायका ऑफिसात गेल्या नाहीत, त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. कोणाचा हापसा बंद, कोणाची पेन्शन अडली, आई कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची आणि रात्री जेवायला वाढताना वडिलांना सांगायची. गावाला वाटलं वडील कामं करतात. वडिलांनाही तसंच वाटलं. मी आईची लेक आहे आणि या वेळी खुर्चीवर मी स्वतः बसणार आहे.

मॅडम म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका.

वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, ही वही माझीच आहे. मला ती कॅलेंडरं आठवतात. मी म्हणायचो, जेवताना कटकट नको. आणि दुसऱ्या दिवशी हापसा दुरुस्त करून यायचो आणि हार घालून घ्यायचो.

पण आमटीत मीठही कमी होतं त्या दिवसांत, सारखं तिचं लक्ष बाहेर. हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

१४ मे

निर्णय: मी हॅदरलीला जाणार नाही. पाऊसकाळ तोंडावर, पाइपचा सीझन, कोणीतरी दुकान बघायलाच हवं. नीलाबाईला हा निर्णय ठामपणे सांगितला. ती म्हणाली, बरं. बॅग माळ्यावरून तेवढी काढून द्या.

बॅगेसोबत ही वही खाली पडली. तिने उचलून, न उघडता माझ्या हातात दिली. पाचव्या पानावर पापडाच्या पिठाचा हात उमटलेला आहे. कधीचा आहे कळत नाही.

१९ मे. केज

विसासाठी नीलाबाईच्या खात्याचं स्टेटमेंट हवं होतं. बँकेत गेलो. संगीता मॅडम सोबत. अर्जावर नीलाबाईने सही केली. बँकेतली बाई म्हणाली, ही सही खात्याच्या सहीशी जुळत नाही, पासपोर्टशी मात्र जुळते. पासपोर्टच्या वेळी मला आत सोडलं नव्हतं, म्हणून तिथे तिची स्वतःची पडली.

बाईने स्क्रीन वळवून दाखवला. वेलांटीचा झोका! सतरा-अठरा वर्षं जुना, पण काय देखणा. म्हणाली, आजी, अशी करून दाखवा. नीलाबाईला जमेना. मी म्हटलं, थांबा, मी दाखवतो, आणि पेन घेतला. बँकेतल्या बाईने माझ्याकडे बघितलं. मॅडमनीही बघितलं. मी पेन खाली ठेवला.

नीलाबाई म्हणाली, बाई, ती सही माजी न्हाई. माजी ही हाय. हीच ठिवा आता.

सही बदलायचा फॉर्म. तीन चौकोनांत तिने तीनदा सही केली, जीभ बाहेर काढून, सावकाश. वाकडी आहे. वेलांटीला झोका नाही. तीनही सारख्या आल्या. पुढच्या महिन्यापासून सगळीकडे हीच चालणार, जुनी बाद.

मग खाली साक्षीदाराची सही. नवरा आहे तर त्यांचीच घ्या, बँकेतली बाई म्हणाली. मी पुढे झालो. पेन टेकवला, हात चालला, आणि बघतो तर साक्षीदाराच्या जागी लिहिलेलं: नीलाबाई सोमलिंग शेटे. झोक्यासकट.

बाईने फॉर्म फाडला. दुसरा घ्यावा लागला. नीलाबाई रागावली नाही, उलट तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, तुमी भाईर बसा जरा. म्याडम करतील सही.

बाहेर बाकावर बसलो, मांडीवर तिची पर्स. शिपायाने विचारलं, काका, कोणतं काम? सवयीने म्हणणार होतो, माजी सरपंचपती. तोंडातून निघालं, आत नीलाबाई शेटे आहेत ना, त्यांचा नवरा. तो म्हणाला, मग बसा.